ओरेस्ट पालामारचं वजन

१

गुरुवारी सकाळी साडेआठला क्लेम बर्डेटने कोठाराचं दार उघडलं तेव्हा लिफ्ट खाली नव्हती. ती पासष्ट फुटांवर, छताच्या तुळईला चिकटून उभी होती आणि तिच्या फळीतून काहीतरी थेंब थेंब खाली ठिबकत होतं. क्लेमला आधी वाटलं, छतावरचा बर्फ वितळतोय. पण बाहेर शून्याखाली तीस होतं, बर्फ वितळायचा प्रश्नच नव्हता. हे ध्यानात आल्यावर तो जो पळत सुटला तो थेट पोलीस चौकीत जाऊन थांबला.

कॉर्पोरल आयनार हाउगेन पंधरा वर्षं हॉल्डर गावात होता. त्याचा बाप अशाच एका धान्याच्या कोठारावर कंपनीचा एजंट, म्हणजे शेतकऱ्यांचा गहू पारखून विकत घेणारा माणूस होता, त्यामुळे वर काय सापडणार हे त्याला शिडी चढण्याआधीच कळून चुकलं होतं. या लाकडी कोठारांत वर जायला एका माणसापुरती लिफ्ट असते. उभं राहण्याएवढी फळी, वर चाकावरून गेलेला दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेली पेटी. वीज नाही की इंजिन नाही. पेटीतलं लोखंड माणसापेक्षा चारपाच पौंड जास्त ठेवायचं, फळी अडकवलेला खालचा आकडा काढायचा, पायाने ब्रेक सोडायचा, की माणूस अलगद वर निघतो. ज्याची लिफ्ट त्याच्याच वजनाचं लोखंड. दुसऱ्याच्या लिफ्टवर पाय ठेवायचा नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

कोठाराचा एजंट ओरेस्ट पालामार फळीवर गुडघे मोडून बसल्यासारखा पडला होता. डोकं तुळईवर आपटून फुटलं होतं. चामड्याच्या हातमोज्यांना तळव्याशी भोकं पडली होती आणि आतली कातडी दोराने भाजली होती. त्याच्या शेजारी कोपऱ्यात, तोंड बांधलेलं एक पोतं शहाण्यासारखं उभं होतं.

हाउगेन फळीवर उतरला तसा दोघांचा भार पेटीपेक्षा जड झाला; खालून क्लेम दोराला खांबाचा वेढा देऊन तो हळूहळू सोडत राहिला आणि लिफ्ट कण्हत खाली आली. खाली क्लेमने ते पोतं एका हाताने उचलून जमिनीवर आडवं टाकलं आणि प्रेताचं डोकं त्यावर टेकवलं. डोकं पोत्यात हलकेच रुतलं. "झोपल्यासारखा दिसतोय बिचारा," क्लेम म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

तेवढ्यात ओरेस्टची बायको परास्का आली. एजंटचं घर कोठारापासून शंभर पावलांवर, तिला कोणी सांगायची गरज पडली नव्हती. ती ओरडली नाही. तिने नवऱ्याचे हातमोजे काढले, तळवे पाहिले आणि पुन्हा चढवले.

"यानं थांबवायचा प्रयत्न केलाय," ती म्हणाली. "म्हणजे याला जगायचं होतं."

"दिसतंय तसं."

"मग कोणी मारला ते शोधा, आयनार. मला दुसरं काही नको. घर नको, पैसा नको. फक्त माणूस दाखवा."

"शोधतो," हाउगेन म्हणाला. ओरेस्टबरोबर त्याने बारा हिवाळे पत्ते कुटले होते. त्याने तिला शब्द दिला आणि असा शब्द देताना माणूस कधी पुढचा विचार करत नाही.

२

"होलोता!" क्लेम म्हणाला. डोळे पुसल्याबरोबर त्याला नाव सापडलं होतं. "दुसरं कोण? पेटीत दोनचार तुकडे जास्तीचे टाकले की झालं काम. साहेब, ऑक्टोबरात याच जागी उभं राहून तो म्हणाला होता, 'तुझ्याच लोखंडानं तुझं टाळकं फोडीन.' अर्ध्या गावानं ऐकलंय."

"तू कोठारातला दुसरा माणूस. ओरेस्ट गेला की एजंट तूच होणार ना?"

क्लेमचा चेहरा पडला. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं दुसराच राहिलेला. "होईन की. आणि त्या लिफ्टवर पाय ठेवेन का मी आता? तुम्हीच सांगा."

"पोतं कसलं होतं ते?"

"हे? असायचं आपलं. थंडी सुरू झाल्यापासून म्हातारा ते फळीवरच ठेवायचा. नमुन्याचा गहू म्हणायचा. हात लावू द्यायचा नाही कोणाला. शेवटी शेवटी जरा तिरसटच झाला होता."

"सुट्टीत कोठार बंदच होतं?"

"शनिवार दुपारपासून. मंगळवारी तुमचा नाही, ओरेस्टच्या लोकांचा नाताळ, जुन्या पंचांगाचा. आज पहिलाच दिवस. आणि काल संध्याकाळी होलोता इथं दाराशी घुटमळत होता, मी डोळ्यांनी पाहिलं."

वासिल होलोता घरी सापडला. तो पळाला नव्हता, उलट कोट घालून तयारच बसला होता.

"आलात? बायकोला सांगितलंच होतं, दुपारच्या आत येतील म्हणून." त्याने कोटाचं शेवटचं बटण लावलं. "बोललो होतो मी तसं. माझा सगळा गहू त्यानं ढोरांच्या खाण्याच्या प्रतीत काढला, बोलू नको तर काय करू? गारांनी सगळा पट्टा झोडपला साहेब. दाणा तपकिरी पडला, सुरकुतला. ओरेस्टनं खोटं नव्हतं काढलं. पण खरं काढलं म्हणून पोट भरतं का?"

"काल कोठाराशी काय करत होतास?"

"माफी मागायला गेलो होतो. आमच्यात नाताळच्या पंक्तीला बसण्याआधी भांडणं मिटवायची असतात. मला नाही मिटवता आलं. सोमवारी रात्री चर्चच्या हॉलमध्ये तो समोर बसला होता आणि माझी मान वर झाली नाही. ती गव्हाची खीरसुद्धा घशाखाली उतरेना."

हाउगेनला ती पंगत आठवली. तो लुथरन पंथाचा, पण पंधरा वर्षं त्या पंक्तीला त्याचं ताट असायचंच. मध आणि खसखस घातलेली खीर, पांढरा टपोरा दाणा.

"बायको म्हणाली, काल जा. गेलो. कुलूप होतं," होलोता म्हणाला. "पंक्तीआधीच गेलो असतो तर निदान..." तो उठून उभा राहिला. "मला फाशी होईल का हो?"

दाराबाहेर तोवर चार गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यातून माणसं उतरत होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. हाउगेनने होलोताला चौकीत नेऊन कोठडीत घातलं. ते पकडण्यासाठी होतं की वाचवण्यासाठी, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. गावाने मात्र आपला निकाल लावून टाकला.

३

दुपारी कंपनीचा निरीक्षक क्रँडल आला. दर महिन्याला येऊन तो प्रत्येक लिफ्टच्या पेटीतले लोखंडाचे तुकडे वरूनच बघून मोजायचा. त्याच्या वहीत प्रत्येक एजंटचं वजन लिहिलेलं असायचं आणि पेटीत फरक दिसला की तो सगळ्यांसमोर दात काढून विचारायचा, "काय रे, बायको जेवायला घालत नाही का?" हा विनोद त्याने अकरा गावांत अकरा वर्षं चालवला होता.

आज त्याने दात काढले नाहीत. "पेटी उघडू या," तो म्हणाला. "जास्तीचं लोखंड असेल तर खून. नसेल तर तुमचा मित्र प्यालेला होता."

"प्यालेला नव्हता."

"कळेलच."

पेटी उघडली. आत अकरा तुकडे, दोनशे पंधरा पौंड. वहीतही अकरा, दोनशे पंधरा. हाउगेनने कंदील जवळ नेला. तुकड्यांवर गव्हाच्या धुळीचा करडा थर एकसारखा बसला होता, कुठे बोट उमटलेलं नव्हतं. कोणी तुकडा घातला नव्हता की काढला नव्हता. उन्हाळ्यानंतर त्या लोखंडाला माणसाचा हातच लागला नव्हता.

"म्हणजे होलोता सुटला," हाउगेन म्हणाला.

"म्हणजे पालामार प्यालेला होता," क्रँडल म्हणाला. "स्वतःच्या चुकीनं मेला. एप्रिलमध्ये त्याची पंचवीस वर्षं भरणार होती, पेन्शन लागणार होतं. आता नाही लागणार. मला वाईट वाटतं."

त्याला खरंच वाटत असावं. पण कंपनीचे तेवढे पैसे वाचले हेही खरं, आणि हाउगेनने मनातल्या मनात क्रँडलला संशयितांत बसवून पाहिलं. बसेना. शनिवारपासून क्रँडल दीडशे मैलांवर मुलीच्या घरी होता, आणि पेटीला हात न लावता तो तरी काय करणार? दोनशे दहा पौंडांचा माणूस, दोनशे पंधरा पौंडांचं लोखंड. पाच पौंडांच्या फरकाने लिफ्ट म्हातारीसारखी रखडत वर जाते. तिने कोणाचं डोकं फुटत नाही. गणितच चुकत होतं.

संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला.

"आयनार, ओरेस्टचं वजन किती होतं म्हणालास?"

"दोनशे दहा. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग माझा काटा बिघडलाय," डॉक्टर म्हणाला. "कारण टेबलावरचा माणूस कपड्यांसकट एकशे शेहेचाळीस भरतोय. तू ये आणि याचा कोट बघ."

कोटाच्या आत, अस्तराखाली कापसाची जाड गादी शिवलेली होती. छातीला, खांद्याला, पोटाला. पँटलाही तसंच. कापूस काढल्यावर जो माणूस उरला त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"पोटात गाठ," डॉक्टर म्हणाला. "मुठीएवढी. मेमध्ये मेलाच असता. माझ्याकडे एकदाही आला नाही."

४

"टाका माझाच आहे," परास्का म्हणाली. कोट तिच्यासमोर टेबलावर पडला होता. "सप्टेंबरपासून दर पंधरवड्याला उसवायचा आणि जास्तीचा कापूस भरायचा. तो वाळत गेला तसा मी त्याला भरत गेले."

"का?"

"एप्रिलपर्यंत ढकलायचं होतं. क्रँडलला कळलं असतं तर कंपनीनं डॉक्टरसमोर उभं केलं असतं आणि दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. पंचवीसला सहा महिने कमी. तो म्हणायचा, 'मी जाणारच आहे परास्का, पण तुला उघड्यावर टाकून नाही जाणार.'" तिने कोटाची बाही सरळ केली. "चेहऱ्याचं काही करता येत नव्हतं. दाढी वाढवली. लोक म्हणाले, म्हातारा झाला."

हाउगेनने कोटाची दुसरी बाही सरळ केली. त्याने बारा हिवाळे समोर बसून पत्ते खेळले होते आणि तोही म्हणाला होता, म्हातारा झालास रे.

"तुम्ही लिफ्टबद्दल बोललात का कधी?"

"लिफ्टचं मला काय कळतंय? बायका पाय ठेवत नाहीत तिच्यावर." तिने वर पाहिलं. "होलोतानं नाही ना केलं?"

"नाही."

"मला वाटलंच. तोंडाचा फाटका आहे, मनाचा नाही. मग कोणी?"

घरी परतताना हाउगेनने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. बापाने त्याला लहानपणी शिकवलेली गोष्ट त्याच्या डोक्यात घुमायला लागली होती. घोडा तोच असला तरी रिकामी घसरगाडी त्याच्यामागे उधळते आणि भरलेली कुथत निघते. लिफ्टचं याहून वाईट. माणूस हलका झाला की ओझं तर घटतंच, वर पेटीची ओढही तेवढीच वाढते. दोन्हीकडून मार. दोनशे पंधराच्या पेटीसमोर एकशे शेहेचाळीसचा माणूस उभा राहिला तर ती लिफ्ट नव्हे, गलोल.

म्हणजे मृत्यूचं कोडं सुटलं होतं. लोखंड वाढलंच नव्हतं, माणूस घटला होता. लोखंड कमी केलं तर क्रँडलच्या वहीत सापडेल म्हणून ओरेस्टने ते तसंच ठेवलं. इथपर्यंत सगळं नीट बसत होतं.

मग ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तो रोज सकाळी वर कसा गेला?

५

शुक्रवारी हाउगेनने कोठार आतून बंद करून घेतलं. क्लेमला सोबत घेतलं, कारण पोती उचलायची होती, आणि त्याला तोंड बंद ठेवायची शपथ घातली.

फळीवर एकशे शेहेचाळीस पौंडांचा गहू ठेवला आणि दुरून दोरी ओढून ब्रेक सोडला. लिफ्ट सुटली. हाउगेनच्या हातात घड्याळ होतं, पण काटा नीट पाहायच्या आत वर धाडकन आवाज झाला आणि वर्षानुवर्षांची धूळ दोघांच्या डोक्यावर कोसळली. पाच सेकंदसुद्धा नाहीत. क्लेमने भिंत धरली.

"आता दोनशे अकरा."

या वेळी लिफ्ट जागची हलली आणि इतक्या सावकाश वर निघाली की क्लेमने मध्येच तंबाखूची डबी काढून तोंडात भरली. वर पोहोचली तेव्हा टक् असाही आवाज झाला नाही.

"दोनशे अकरातून एकशे शेहेचाळीस गेले की?"

"पासष्ट," क्लेम म्हणाला. गहू तोलण्यात त्याचा जन्म गेला होता. "पासष्ट पौंड म्हणजे तर..."

तो बोलता बोलता थांबला. दोघांनी एकदमच कोपऱ्याकडे पाहिलं. प्रेताखालून काढलेलं पोतं तिथे पडलं होतं.

ओरेस्टने आपलं गेलेलं वजन पोत्यात भरून बरोबर घेतलं होतं. शरीर जसजसं झिजलं तसतसे दोन मूठ गहू वाढवले. नमुन्याचा गहू म्हणून कोणाला हात लावू दिला नाही. साधी, हुशार, नेकीची युक्ती. 

"पण साहेब, पोतं तर फळीवरच होतं की," क्लेम म्हणाला. "मी स्वतः उचललं."

"किती हातांनी?"

क्लेमने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"आणि त्याचं डोकं त्यात रुतलं," हाउगेन म्हणाला. "भरलेल्या गव्हाच्या पोत्यावर कधी झोपलायस? दगडावर झोपल्यासारखं असतं ते."

पोतं काट्यावर टाकलं. दहा पौंड. तोंड सोडलं. आत ओटचा कोंडा होता, गच्च दाबून भरलेला. उंची तीच, घेर तोच. अंधारात येऊन शेजारी उभं राहणाऱ्या माणसाला फरक कळायचं कारण नव्हतं. ओरेस्टने आकडा काढला असेल, ब्रेक सोडला असेल, आणि पुढच्या पाच सेकंदांत दोर धरून धरून हातांची कातडी सोलली असेल. पायाखालचा ब्रेक पाच पौंडांच्या फरकाला पुरतो. साठ पौंडांना तो काय धरणार?

"गहू चोरला कोणीतरी," क्लेम कुजबुजला. "आणि कळू नये म्हणून कोंडा भरला. जो कोणी असेल, त्याला ठाऊक होतं का साहेब? हे वजन होतं म्हणून?"

हाउगेन खाली बसला. तो कोंड्यात हात घालून चाळवत होता. तळाशी त्याच्या बोटांना एक पीस लागलं, मग दुसरं. पांढरी, कोंबडीची. हॉल्डरमध्ये कोंबड्या सगळ्यांच्याच होत्या, पण कोठडीतल्या होलोताच्या लाल होत्या, क्लेमच्या चितकबऱ्या, आणि कोठाराची दुसरी किल्ली ज्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची, फक्त त्या घरामागच्या खुराड्यात पांढऱ्या होत्या.

मग त्याला खीर आठवली. गारांनी झोडपलेल्या पट्ट्यात कोणाच्याही घरी पांढरा दाणा उरला नव्हता, होलोताने स्वतः सांगितलं होतं. तरी सोमवारी रात्री दोनशे माणसांच्या पानात पांढरी खीर वाढली गेली. त्या गव्हाशिवाय त्यांचा नाताळ होत नाही. घरातल्या मेलेल्या माणसांसाठीसुद्धा एक वाटी काढून ठेवतात.

तो होलोताच्या बायकोकडे गेला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"परास्कानं दिला की," ती म्हणाली. "शनिवारी रात्री स्वतः दारोदार फिरली. तेरा घरं, घरटी पाच पौंड. ज्यांचं पीक गेलं त्यांनाच दिला. म्हणाली, 'ओरेस्टला सांगू नका, कंपनीचा एक दाणा तो घरी आणू देत नाही, पोत्याला हात लावू नको म्हणून ओरडतो. सुट्टीनंतर भरून टाकीन.' मग मंगळवारभर तो तापानं पडून होता, त्याच्या उशाशी बसली असेल, राहून गेलं असेल." तिचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहे हो ती. माझ्या नवऱ्यानं तिच्या नवऱ्याला शिव्या घातल्या होत्या, आणि पहिलं घर तिनं आमचं घेतलं."

हाउगेन गाडीत येऊन बसला. त्या रात्री त्याने स्वतः दोन वाट्या खीर ओरपली होती आणि तिसरी मागितली होती.

६

त्याने तो कोंडा चौकीतल्या शेगडीत जाळला. पिसं जळताना घाण वास सुटला. मग त्याने अहवाल लिहिला. एजंट आजारी होता, वजन घटलं होतं, लोखंड कमी करायचं राहिलं, ब्रेकने धरलं नाही. पोत्याचा उल्लेख नाही. होलोताला सोडलं. पोत्याबद्दल कोणाला बोलणार नाही म्हणून क्लेमने बायबलवर हात ठेवला. क्रँडलने अहवाल वाचून मान हलवली आणि सांगितलं की आजार लपवणं ही फसवणूक आहे, तेव्हा पेन्शन नाही, आणि घर महिनाअखेर रिकामं करावं लागेल. हाउगेन त्याच्याशी तासभर भांडला. उपयोग झाला नाही.

घर गेलं, पेन्शन गेलं, ओरेस्टच्या नेक नावाला बट्टा लागला. या सगळ्याच्या बदल्यात हाउगेनला एकच गोष्ट वाचवायची होती. परास्काला कळता कामा नये.

ती सामान बांधत होती. त्याने टोपी काढली आणि अहवालात लिहिलं होतं तेच तिला सांगितलं. कोणी मारलं नाही. पेटीतलं लोखंड जड होतं, तो हलका झाला होता, बस्स.

"म्हणजे माझ्या कापसानं लोक फसले, लोखंड नाही फसलं," ती म्हणाली.

"तुमचा काही दोष नाही. तो रोज ब्रेकवर निभावून नेत होता. त्या दिवशी नाही धरला ब्रेकनं."

"बरं." तिने एक ताट कागदात गुंडाळलं. मग दुसरं घेतलं आणि ते हातातच राहिलं. "रोज?"

"हो."

"साठपासष्ट पौंडांची तूट, आणि आजारी माणूस, पायात जोर नाही. तो रोज ब्रेकवर निभावत होता?"

"सवय असते."

"आयनार, घरात दोन पायऱ्या चढताना तो माझा खांदा धरायचा." तिचा आवाज अगदी साधा होता, हिशेब लागत नाही तेव्हा बाई जशी स्वतःशी बोलते तसा. "ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. रोज सकाळी. मग तो वर जायचा कसा?"

हाउगेनला दुसरं खोटं सुचायला हवं होतं. गुन्हेगारांचं खोटं पकडण्यात त्याची हयात गेली होती, त्याला एक बनवता येऊ नये! तो टोपीची कड फिरवत उभा राहिला. त्या दोनचार क्षणांत ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला जे वाचायचं ते तिने वाचलं.

ताट तिने खाली ठेवलं, फुटू नये असं जपून.

"त्यानं सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "'त्या पोत्याला हात लावू नको.' का ते नाही सांगितलं. मी घाबरेन म्हणून नसेल सांगितलं."

"परास्काबाई, खाली बसा."

"पासष्ट होता. मीच मोजला. तेरा घरं." ती बसली नाही. "वरून कोंडा दाबला मी, हातानं दाबून दाबून. त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून. आणि आलं नाही हो लक्षात."

बाहेर मालगाडी कोठारापाशी डबे सोडत होती. तिचा आवाज थांबला.

"लिहा," ती म्हणाली. "काढा तुमची वही. मी केलं म्हणून लिहा."

"लिहिण्यासारखं काही नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. कायद्यात याला गुन्हा म्हणत नाहीत."

"होलोताला तुम्ही दोन रात्री कोठडीत ठेवलं. त्यानं तर काहीच केलं नव्हतं."

"त्याच्यावर संशय होता."

"आणि माझ्यावर संशयसुद्धा नाही." तिने हात पुढे केले, बेड्यांसाठी करतात तसे, जवळ जवळ धरून. त्यांच्यावर सुईने टोचल्याच्या खुणा होत्या. "मला न्या ना. एक रात्र तरी. असं नका हो मला सोडून जाऊ. कोणीतरी मला काहीतरी शिक्षा देईल की नाही?"

"नाही," हाउगेन म्हणाला.

तिचे हात बराच वेळ तसेच पुढे राहिले, आणि ते खाली घ्यायला तिला कसं सांगावं हे त्याला कळलं नाही.